मुलांची सागरसहल : आधी तिथी, मग वेळ

लहान मुलांसह अलिबागला दोन दिवसांची सहल काढावयाची असल्यास निवासाची सोय पाहण्यापूर्वी पंचांग पाहावे. तेथील कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरतीत तीच वाट पाण्याखाली जाते. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. तिथी शुद्ध असो वा वद्य, तिच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३; म्हणजे पहाटे व दुपारी ३ च्या सुमारास भरती आणि सकाळी ९ च्या सुमारास ओहोटी. अशा दिवशी ऊन तापण्यापूर्वी मुलांना किल्ला दाखवून परतता येते. अष्टमीस मात्र ही ओहोटी भर दुपारी येते.

हा हिशेब स्थूल असल्याने नेमकी वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारावी व भरती लागण्यापूर्वीच परतावे. रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. ते तर महाविद्यालयीन वयाचे होते. लहानग्यांना घोटाभर पाण्यापुढे जाऊ देऊ नये.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी भरती-ओहोटीच्या वेळा दररोज फलकावर लिहाव्यात आणि शिक्षकांनी सहलीपूर्वी हे गणित वर्गात सोडवून घ्यावे.