खुडूक नव्हे, आजारी

चि. सुमन,

तुझी तांबडी कोंबडी गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. ती अंडं देईना, कोपरा धरून राहू लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला खुडूक ठरवलं आणि तूही तसंच धरून चाललीस. गावोगाव असंच होतं. कोंबडी दुखणं अंगावर काढते. कमजोर दिसली की बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाखवत नाही. आता उरलेल्या कोंबड्यांसाठी हे नीट वाच.

खुडूक कोंबडी घरट्यात ठाण मांडून बसते आणि हात नेला की पिसं फुलवून टोचते. आजारी कोंबडी उभ्याउभ्या डोळे मिटते, शेपटी खाली टाकते. घरट्यात जाते, जोर लावते आणि रिकामीच परत येते. पिसं गळायच्या दिवसांत किंवा थंडीत दिवस लहान झाला की निरोगी कोंबडीचीही अंडी थांबतात, पण तेव्हा ती खाते-पिते, माती उकरते. म्हणून अंडं नाही एवढ्यावर जाऊ नकोस, तिची चाल बघ.

शंका आली की तिला काखेत धर आणि छातीचं हाड संपतं तिथपासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने चाचप. टणक गोळा लागला तर बहुधा अंडं अडकलंय. पसरट टबात कोमट पाणी घे, तुझ्या मनगटाला सोसेल इतकंच. त्यात तिला पोटापर्यंत 15-20 मिनिटं बसव. मग कोरडी करून शेपटीखाली खोबरेल तेल लाव आणि उबदार, अंधाऱ्या डालग्याखाली एकटी ठेव. बऱ्याचदा अंडं आपसूक येतं. काही तासांत आलं नाही तर डॉक्टरांकडे ने. दाबून काढायला चुकूनही जाऊ नकोस. अंडं आत फुटलं तर टरफलाच्या धारेने अंडनलिका चिरते आणि पोटात पू होतो. चोचीत पाणी किंवा औषध ओतूही नकोस, ते श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोड, ती स्वतः गिळेल.

कधी जोर लावून लावून मागून लाल मांस बाहेर येतं. तिला त्याच क्षणी वेगळी कर, कारण लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. कोमट पाण्याने धू, सूज उतरायला वर साखर लाव, मग तेलाच्या बोटाने हळूच आत सार. पुढचे काही दिवस अंधारात ठेव, म्हणजे अंडं लवकर धरणार नाही. पुन्हा बाहेर आलं तर मात्र डॉक्टरच हवेत.

पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लागलं आणि कोंबडी छाती वर काढून फेंगडी चालत असेल, तर दुखणं मोठं आहे. बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो आणि त्यात जंतू वाढतात. डॉक्टर पाणी काढतात, प्रतिजैविक देतात, पण बऱ्याच जणी वाचत नाहीत. अशा वेळी ती वाचेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. हाल वाढवण्यात माया नाही. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या तिला देऊ नकोस, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी ना खा, ना विक. अशी आजारी कोंबडी कापूनही खाऊ नये.

आता मुळाशी ये. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. ते घडायला साधारण 20 तास लागतात आणि खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. नुसत्या कण्या आणि शिळा भात तिला पुरत नाही. मऊ किंवा बिनकवचाचं अंडं दिसलं की हीच पहिली शंका घे. तुमच्याकडे तिसऱ्या होतातच. त्यांच्या शिंपल्या धुऊन, उन्हात वाळवून कूट आणि वेगळ्या वाटीत ठेव. लागेल तेवढं ती आपणहून खाईल. खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांचंच आण. तलंगांना मात्र पहिलं अंडं येईपर्यंत ते देऊ नकोस, जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. एकदम अनेक कोंबड्यांची अंडी घटली किंवा वेडीवाकडी, पातळ टरफलाची येऊ लागली, तर मानमोडीसारखी साथ असू शकते. लगेच दवाखान्यात कळव. जनावरांच्या दवाखान्याचं फिरतं पथक हवं असेल तर 1962 वर फोन लाव.

'एका कोंबडीसाठी कसला आलाय डॉक्टर' असं घरात म्हणतील. तू ऐकू नकोस. जी वर्षभर घराला अंडी पुरवते, तिच्या दुखण्याची दखल घेणं हे आपलं देणं आहे. रोज सकाळी खुराडं उघडलंस की एकेक बाहेर पडताना बघत जा. मागे राहील तिला त्याच दिवशी उचलून तपास. आणि शिंपल्यांचं काम या आठवड्यात उरक, मला कळव.

तुझा,
मामा