काढलेला मजकूर आणि बंदीची धास्ती

प्रश्न : आमच्या ग्रामदैवताची आजोबांकडून ऐकलेली हकीकत मी मराठी विकिपीडियावर लिहिली, दुसऱ्याच दिवशी ती कोणी काढली. माझ्यावर बंदी आली काय?
– एक वाचक, वाई

उत्तर : मजकूर वगळला म्हणजे बंदीचा हुकूम निघाला, असे मुळीच नव्हे, आपली आवृत्ती पानाच्या ‘इतिहासा’त दप्तरी जमा आहे. आजोबांची स्मृती कितीही विश्वसनीय असली, तरी अन्यत्र प्रसिद्ध न झालेले तेथे ग्राह्य धरीत नाहीत. यास्तव १८८५च्या सातारा गॅझेटियरसारख्या छापील ग्रंथात त्या हकीकतीचा उल्लेख सापडतो का ते पाहावे, सापडल्यास पृष्ठांकासह दाखला द्यावा, आणि हरकत कशास होती ते चर्चापानावर विचारावे. सरावाला ‘धूळपाटी’ हे पान आहेच. मात्र अलीकडच्या पुस्तकांतील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत, आणि वगळलेलेच हट्टाने पुनःपुन्हा घालू नये; अशा हट्टापायी बंदी ओढवू शकते.