गिधाडे कोठे गेली?

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळी शिकवताना गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार अशी चित्रे असतात आणि साखळी घारीपाशी संपते. घार मेल्यावर पुढे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. मेलेल्या देहांची विल्हेवाट लावणारे नसतील तर जिवंतांना राहणे मुश्कील होईल. आपल्या देशात या कामाचा मोठा वाटा गिधाडांनी उचलला होता.

गिधाडांचा मोठा थवा मेलेली गाय तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. त्यांच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले पुष्कळ रोगजंतू तेथेच मरतात. गावाबाहेरच्या माळावर ढोर टाकले की सोलणारा माणूस चामडे नेई, गिधाडे मांस खात, आणि उरलेली हाडे गोळा होऊन खताच्या कारखान्याकडे जात. या साखळीतल्या माणसाला गावाने अस्पृश्य ठरवले आणि पक्ष्याची शिवी केली. 'गिधाडासारखे तुटून पडणे' हे शब्द आपणही बेधडक वापरतोच ना? घाण करणारा वरचा आणि ती काढणारा खालचा, हा न्याय माणसाचा. निसर्गात तो कोठेही सापडत नाही.

१९९० नंतरच्या दशकात गिधाडे पटापट मरू लागली. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना ही घट प्रथम ठळकपणे दिसली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारातून एक एवढीच उरली.

ढोरे ओढायचे आपल्या लोकांनी सोडले म्हणून गिधाडे उपाशी मेली, असे कोणी सांगू लागले तर त्याला तारखा दाखवाव्यात. मृत मांस सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली सांगितले. धर्मांतर १९५६ चे. त्यानंतर तीसेक वर्षे गिधाडे आकाशात भरपूर होती. शिवाय मेलेले पक्षी उपासाने वाळलेले नव्हते.

खरे कारण २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोधून काढले. जनावरांच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध सर्रास टोचले जात होते. टोचल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले तर औषध त्याच्या मांसात राही. ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे. शंभर मृत जनावरांत एकात जरी हे औषध असले तरी सर्वनाशाला पुरे, कारण एकाच देहावर कितीतरी गिधाडे जेवतात. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मेलेले भरून निघणार कसे?

मांस माळावर तसेच पडू लागले आणि त्यावर भटकी कुत्री पोसली. कुत्री वाढली की चावे वाढतात, रेबीज वाढतो. सडलेल्या देहांनी पाणीही नासते. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला, की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे जादा मेली. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण कुत्रा पायी चालणाऱ्याला चावतो, मोटारीतल्याला नाही, हे ध्यानात घ्यावे.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली बाटली ३ मिलीलिटरची करावी लागली. अ‍ॅसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते; त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले.

तेव्हा आपल्या गोठ्यातली म्हैस आजारी पडली तर पशुवैद्याला विचारावे, की वेदनेचे इंजेक्शन कोणते देता? मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. तेच चालेल का, हेही विचारावे. दुसरेच काही टोचले असेल आणि जनावर दगावले, तर ते माळावर टाकू नये, खोल खड्ड्यात पुरावे.