नळ जुना चालेल, वापरलेला नको



पाड्यावरच्या पाण्याच्या कामासाठी लागणारे नळ, व्हॉल्व्ह, एल्बो असे सामान स्वस्तात मिळावे म्हणून आपल्यातले बरेच जण ते ऑनलाइन, ओएलएक्ससारख्या ठिकाणी शोधतात. मुरबाडकडच्या कामासाठी मीही असे सामान घेतो आणि विकणाऱ्यांना शक्यतो विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर, दिवसाउजेडी भेटतो. कल्याण-डोंबिवलीत बांधकामे सतत चालू असतात. काम संपल्यावर उरलेला माल अनेकदा खरोखर कोरा असतो. मात्र जुन्या घरातून काढून, घासूनपुसून खोक्यात घातलेला नळही "न वापरलेला" म्हणूनच विकायला येतो. या दोघांतला फरक ओळखणे, हा आजचा धडा.

फरक का पडतो?

झिजलेल्या नळातून 10 मिनिटांत 1 लिटर पाणी गळले, तर दिवसाला 144 लिटर वाया जाते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे अडीच माणसांचे पाणी मातीत गेले. शिवाय दुरुस्तीला प्लंबर तिथे लगेच पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वापरलेला व्हॉल्व्ह आधी कोठे बसवला होता, त्यातून पाणी वाहिले की कारखान्यातले रसायन, हे आपल्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याला असा माल लावू नये.

कसे ओळखावे?

1. आटे पाहा. टेफ्लॉन टेपचे पांढरे धागे, सूत किंवा सफेदा आट्यांच्या खाचेत अडकलेला असेल, तर तो नळ एकदा बसवलेला आहे.

2. पाना लागतो तो भाग पाहा. तिथे पान्याच्या दातांचे ओरखडे असतील, तर खोके कितीही नवे असो, माल नवा नाही.

3. तोंडात बॅटरीचा उजेड टाका. क्षारांचा पांढरा थर पाणी वाहिल्याशिवाय बसत नाही.

4. सीपीव्हीसीच्या एल्बो-टीमध्ये आत बोट फिरवा. सोल्युशनचा थर किंवा कापलेल्या पाइपचा तुकडा राहिला असेल, तर तो परत करा. चिकटवलेला सांधा सुटत नाही, तो कापावाच लागतो.

5. लोहचुंबक लावा. पितळ चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे. पण जस्ताचा मिश्रधातूही चिकटत नाही, म्हणून त्याच मापाचा खात्रीचा पितळी नळ दुसऱ्या हातात धरून वजनाचा अंदाज घ्या. जस्ताचा हलका लागतो.

6. आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासा. त्यावरून उत्पादक कळतो. माल वापरलेला आहे का, हे मात्र आट्यांवरूनच कळेल.

पैसे देण्याआधी

भेटण्यापूर्वीच विचारा, "दादा, आट्यांचा आणि तोंडाचा जवळून फोटो पाठवाल का? उरलेला माल कोणत्या कामाचा?" कोरा माल विकणारा सहसा फोटो लगेच पाठवतो. आगाऊ रक्कम देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे लक्षात ठेवा. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

वापरलेला माल विकणे गैर नाही. तो कोरा म्हणून विकणे गैर आहे. "दोन वर्षे वापरलाय" असे सरळ सांगणाऱ्याकडून परसबागेच्या किंवा शौचालयाच्या नळासाठी सामान जरूर घ्या. मात्र देणगी देताना स्वतःला एक प्रश्न विचारा: हा नळ मी माझ्या स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याला बसवीन का? उत्तर "नाही" असेल, तर तो पाड्यावरच्या पाणवठ्यावरही नको.

पुढच्या वेळी सामान आणाल तेव्हा खोके उघडूनच आणा. आटे आपण मिळून पाहू.