मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळाची परीक्षा

प्रश्न : मार्गनियोजनाच्या संकेतस्थळाच्या वापरसुलभता-चाचणीला पाच माणसे पुरतात का?

उत्तर : प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना ठरावीक काम देऊन ते कोठे अडखळतात याचे निरीक्षण करणे म्हणजे वापरसुलभता-चाचणी; संशोधक जेकब नील्सन व टॉमस लँडाउअर यांच्या १९९३ सालच्या गणिती प्रारूपानुसार एक व्यक्ती सरासरी ३१ टक्के दोष उघड करते आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. मात्र गट एकजिनसी असेल तरच हा हिशेब लागू पडतो. रोज लोकलने जाणारा नोकरदार आणि शहरात नवखा असलेला रुग्णाचा नातेवाईक यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरते.

खरी मेख कामाच्या शब्दरचनेत असते. ‘प्रभादेवी स्थानकाचा मार्ग शोधा’ असे सांगितल्यास सहभागी व्यक्ती तेच नाव टंकते, आणि २०१८ साली नाव बदललेल्या मुंबईतील या स्थानकाला आजही ‘एल्फिन्स्टन’ म्हणणाऱ्या प्रवाशाला संकेतस्थळ काही दाखवते की नाही, हे कळतच नाही. म्हणून स्थानकाचे नाव न घेता ‘संध्याकाळी सातच्या आत सिद्धिविनायक मंदिरात पोहोचायचे आहे’ अशी केवळ परिस्थिती सांगावी, सहभागी व्यक्तीला मनातले विचार मोठ्याने बोलत काम करू द्यावे, आणि ती चुकत असतानाही निरीक्षकाने, कितीही मोह झाला तरी, मदत करू नये.