गावचे भजन : नित्य की नैमित्तिक?

शास्त्रात कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद सांगितले आहेत. रोजची संध्या हे नित्य कर्म. पुत्रजन्म झाला, ग्रहण लागले, म्हणजे जे करावयाचे ते नैमित्तिक. अमुक फळ मिळावे म्हणून केलेले ते काम्य. (निषिद्ध कर्म वेगळे, त्याचा येथे विचार नाही.) नित्याविषयी मीमांसकांचे म्हणणे मोठे मार्मिक आहे. नित्य कर्म केल्याने काही वेगळे फळ पदरात पडेल असे नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, मात्र लागतो. हाच विचार आज आपणांस गावच्या भजनाला लावून पाहावयाचा आहे. कारण ‘बुवा, आमच्या गावातले भजन बसले, काय करावे?’ हा प्रश्न हल्ली जेथे जावे तेथे निघतो.

आता गंमत अशी की, हा प्रश्न विचारणाऱ्या गावात सप्ताह मात्र दणक्यात होत असतो. मोठा मंडप, सात दिवसांचे सात नामांकित कीर्तनकार, पंगती, रोषणाई, कर्णे. वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही. म्हणजे गावाजवळ श्रद्धा नाही असे नव्हे, पैसा नाही असेही नव्हे. गावाने नैमित्तिक धरले आहे आणि नित्य सोडले आहे, इतकेच.

अखंड सप्ताहाचा हिशेब जरा नीट मांडून पाहा. सात दिवसांचे १६८ तास होतात. तेवढा वेळ वीणा खाली ठेवावयाचा नाही. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पाळ्या होतात. रोज तीच मंडळी धरली तरी बारा माणसे लागतात, आणि त्यांतली निम्मी तरी रात्री जागणारी हवीत. त्याशिवाय पहाटेचा काकडा, सकाळचे पारायण, सायंकाळचा हरिपाठ, कीर्तनानंतरचा जागर. ज्याने कोणी ही योजना बसविली त्याने श्रोत्यांसाठी बसविलीच नाही. ती सबंध गावाला कामाला लावण्यासाठी बसविली. येथे नुसते ऐकायला येणारा पाहुणा, बाकी सगळे मानकरी.

वारकरी कीर्तनाचेही तेच. आमच्या नारदीय बंधूंचे पेटी-तबल्याच्या साथीवर भागते. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान हे सर्व ते आपल्या अंगच्या गुणावर उभे करतात. वारकरी कीर्तनकार मात्र पाठीमागच्या टाळकऱ्यांशिवाय पांगळा. त्याने चरण म्हणावा, त्यांनी ध्रुपद उचलून धरावे, पखवाज्याने ठेका सोडू नये, तेव्हा त्या दोन तासांत रंग भरतो. म्हणून कीर्तनकार बाहेरचा आणि टाळकरी गावचे, अशी जुनी रीत होती. कीर्तनकार येई आणि जाई. गाणे गावात राही.

ती रीत आता उलटली आहे. पुष्कळ गावे टाळकरीही गाडी पाठवून बाहेरून आणतात. येणारी मुले तयारीची असतात, गळे गोड असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथून आणि पुढे निघालेल्या इतर संस्थांतून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी संप्रदाय गावोगाव जिवंत ठेवला. पण शिकलेला विद्यार्थी गावात बसून चार मुलांना टाळ धरायला शिकवील तर ते उपयोगी. तो आठ दिवस येऊन गाऊन परत गेला, तर गाव होते तेथेच राहिले. आणि पहाटे देवळाच्या शिखरावरचा भोंगा यंत्रातला काकडा गातो व खाली गाव निजलेले असते, त्याला भजन म्हणावे की काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे!

आता पैशाचे बोलू. हे बोलताना आम्हा बुवालोकांनाच थोडे लागेल, पण बोलले पाहिजे. सप्ताहाच्या वर्गणीतून मोठा भाग मंडप, कर्णे आणि कीर्तनकाराची बिदागी यांत जातो. पखवाज्याच्या हातावर नारळ, टोपी आणि गाडीभाडे. वर्षभर देवळात वाजविणारा जो गावचाच असतो त्याला तर तेवढेही नाही. ‘घरचाच आहे तो’. अहो, घरच्या गाईला वैरण घालीत नाही काय? पखवाजाची पुडी फाटली तर ती बदलावयाला, शाई धरवायला, वाद्या ओढून घ्यायला पैसा लागतो, आणि तो बहुधा वाजविणाराच आपल्या खिशातून घालतो. डाव्या पुडीला लावायची कणीकसुद्धा तो घरून मळून आणतो!

कोणी म्हणेल, पूर्वी राजाश्रय होता, आता तो गेला. खरे आहे. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्यास आजचे रूप दिले तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांचे पाठबळ त्यांच्या मागे होते. माउलींचे अश्व आजही अंकलीहून येतात. कोल्हापूर, मिरज, औंध या संस्थानांनीही गवयांना सांभाळले. संस्थाने विलीन झाली. परंतु दिंड्या थांबल्या काय? नाही. कारण दिंडी चालते ती भिशी भरून चालणाऱ्या वारकऱ्याच्या पायांवर. त्याला तिथी ठाऊक असते आणि ती तो चुकवीत नाही.

दुसरे उदाहरण संप्रदायाबाहेरचे घेऊ. एके काळी संगीत नाटकमंडळ्यांचा केवढा दिमाख होता! १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि पुढल्या काही वर्षांत एकेक मंडळी बसत गेली. तिकिटावर आलेला प्रेक्षक स्वस्त तिकीट दिसताच तिकडे गेला. इकडे दक्षिण कोकणातला दशावतार पाहा. ना छापील संहिता, ना मोठा पडदा. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र जागते. बोलपट आला, दूरदर्शन आले, मोबाइल आला, तरी दशावतार आहे. कारण कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा ठरल्या तिथीला लागतात आणि जत्रेच्या रात्री नाटक व्हावे हे गावच्या देवाचे देणे समजतात. आवडले तर बोलावू, असा तेथे सौदा नाही. मिरजेस अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात गाणे होते, तेथेही मोठमोठे गवई बिदागी न घेता सेवा म्हणून हजेरी लावतात.

तेव्हा करावयाचे ते असे. सप्ताहाच्या वर्गणीचा दहावा हिस्सा मंडपवाल्याचा हिशेब होण्याआधीच बाजूला काढावा आणि तो वाद्यांची दुरुस्ती व पखवाज शिकविणारा यांवरच खर्चावा. जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावावा, म्हणजे पुढल्या वर्षी मागावे लागत नाही. मुले येत नाहीत ही तक्रार मी पुरती खरी मानीत नाही. मुलाला ‘गप बसून ऐक’ म्हटले तर तो उठून जाणार. हातात टाळ दिला आणि मागच्या रांगेत उभा केला तर पावली शिकल्याशिवाय हलत नाही. त्याचा ताल चुकला म्हणून म्हाताऱ्यांनी डोळे वटारू नयेत. बायकांची भजनी मंडळे आठवड्याचा वार न चुकविता बसतात, त्यांच्याकडून पुरुषांनी एवढे तरी उचलावे. आणि त्यांना देवळात जागा व पेटी मागताना तीन माणसांची परवानगी लागू नये.

प्रारंभाला किती माणसे हवीत, असे विचारतात. एक वीणेकरी, एक पखवाजी, दोन टाळकरी. चौघे पुष्कळ झाले. एकादशी कोणती धरावी? येणारी. वेळ मात्र डेअरीवर दूध घालून झाल्यानंतरची ठेवावी. धार काढायची राहिली असताना भजनाला कोण येणार?