दम लागतो, पाय सुजतात : थकलेल्या हृदयाची ओळख



साठी उलटलेला माणूस बांध चढताना धापा टाकू लागला की आपण म्हणतो, ‘वय झाले.’ रात्री खोकला आला की ‘दमा’, आणि पाय सुजले की ‘वात’. पण ही तिन्ही एकाच आजाराची चिन्हे असू शकतात. त्या आजाराला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात.

याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. विहिरीवरचा पंप अशक्त झाला की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. तसेच हृदयाचा जोर कमी झाला की अंगाला रक्त पुरत नाही. शिवाय ते मागे तुंबते व फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठते. जुना रक्तदाब, मधुमेह, येऊन गेलेला हार्ट अ‍ॅटॅक, दारू, किंवा लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडप, ही त्याची नेहमीची कारणे होत.

घरी काय पाहावे?

१. नेहमीच्या कामाला पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो काय?
२. सपाट झोपता येत नाही, एका उशीच्या दोन-तीन उशा झाल्या, किंवा मध्यरात्री गुदमरून उठून बसावे लागते काय?
३. घोट्याच्या वर नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरावा. खळगा राहिला तर ते पाणी समजावे.
४. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी होय.

मूत्रपिंड, यकृत किंवा पंडुरोग यांनीही सूज येते. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. ते मानेच्या शिरा पाहतात, छाती तपासतात, ई.सी.जी. व छातीचा एक्स-रे काढतात. ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही रक्ततपासणी उपयोगी आहे. तिचा आकडा १२५ च्या खाली असेल, तर हळूहळू वाढलेल्या दम्यामागे हृदय असण्याचा संभव कमी. खात्री मात्र इको तपासणीने होते. हृदय प्रत्येक ठोक्याला आतले किती रक्त बाहेर टाकते हे तीत दिसते. ४० टक्के किंवा कमी म्हणजे जोर घटला. आकडा चांगला असूनही कधी कधी हृदय ताठर झाल्याने हा आजार असतो.

तोवर लोणचे, पापड व सुकी मासळी टाळावी. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांतील पुष्कळशा अंगात पाणी धरून ठेवतात. मिस्साच्या वेळी लघवीला उठावे लागेल म्हणून कित्येकजण रविवारी पाण्याची गोळी चुकवतात. तसे करू नये. मिस्सानंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. उपवासकाळातही औषध सोडू नये. आजाऱ्यांवर उपवासाचे बंधन पवित्र सभा घालीत नाही.

बसल्याजागी धाप लागली, ओठ निळे पडले, छातीत दुखले किंवा गुलाबी फेस पडला, तर रोग्याला पाय खाली सोडून बसवावे व लगेच १०८ ला फोन करावा.

संत लूक स्वतः वैद्य होता. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावीच, पण त्याला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे हेही आपले प्रेमाचे कर्तव्य आहे. येत्या रविवारी घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारू या : रात्री किती उशा लागतात?